ड्रॅगन फ्रूटचं टार्गेट ठरवणाऱ्या साहेबांना खुलं पत्र: मंजुरीआधी वावरात एक खड्डा खोदा

साहेबहो, नमस्कार.

नाव घेऊन कोणालाच लिहून नाही राहिलो, कारण हा एका माणसाचा दोष नाही आणि मला कोणाची बदलीबिदली करायची नाही. "यंदा एवढे हेक्टर ड्रॅगन फ्रूट झालंच पाहिजे" हा आकडा जिथे कुठे बसून ठरतो, तालुक्यात असो की जिल्ह्यात की पुण्या-मुंबईत, तिथल्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे. आणि सध्या ही वेल चढवायच्या सिमेंट पोलचं कोटेशन खिशात घेऊन फिरणाऱ्या माझ्या कास्तकार भावांनीही ते वाचावं, म्हणून बंद पाकिटात न टाकता उघडं लिहितो.

खरं सांगायचं तर लिहायचं नव्हतं, झालं ते झालं म्हणून सोडून दिलं होतं. पण मागच्या आठवड्यात गावात परत शिबिर झालं, परत तेच गुलाबी पत्रक वाटलं आणि त्याच्यावर परत तेच वाक्य, की कोरडवाहू, पडीक, कोणत्याही जमिनीत, अत्यल्प पाण्यात येणारं हमखास पीक. २०२२ मध्ये मी हेच वाक्य वाचून पोल गाडले होते. बाजूच्या पोराने मला विचारलं, काका, लावू का? मला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. कारण त्याच्या जमिनीत खाली काय आहे हे त्याला माहीत नाही, मला नाही आणि साहेब, तुम्हालाही नाही. त्याचा अनुदानाचा फॉर्म मात्र ऑनलाइन भरून झाला आहे.

माझं वावर काटोल तालुक्यात, साडेतीन एकर. नाल्याकडचा भाग काळी, भारी, माणूस उभा गाडला तरी मुरूम लागायचा नाही अशी. वरचा टेकडीकडचा भाग बर्डी (नागपूर शहरातली बर्डी नाही, वावरातली), वीतभर माती अन् खाली मुरूम. आमच्या बाबांनी आयुष्यभर काळीत संत्रा आणि पराटी (कापूस) केली आणि बर्डीला कधी किंमत दिली नाही, तिथे फक्त बैल चरायचे. मी एक एकर ड्रॅगन फ्रूट घ्यायचं ठरवलं तेव्हा सल्ला मिळाला की ठिबक आहे, रस्ता आहे, जिओ टॅगिंगला (जागेच्या नोंदीसह फोटो काढायला) सोपं जाईल तर खालच्या चांगल्या जमिनीतच लावा. मीही तसंच केलं. तीन बाय तीन मीटरने एकरात बसले ४४४ पोल, एका पोलला चार रोपं. त्यातले ३०० काळीत, आणि जागा पुरली नाही म्हणून उरलेले १४४ वर बर्डीत. बाबा धुऱ्यावर (बांधावर) बसून पाहत होते, म्हणाले, "काहून रे, चांगल्या काळीत निवडुंग लावून राहिला का?" मी हसलो. म्हटलं बाबा, जमाना बदलला.

२०२३ च्या पावसाळ्यात काळी चिबडली, म्हणजे पाणी साचून दलदल झाली. त्या साली २३ सप्टेंबरला पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या घरात शिरली, हे सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. आमच्या नाल्याचं कोणी शूटिंग केलं नाही, पण पाण्याने पोलच्या बुडाशी आठ दिवस मुक्काम केला. दिवाळीपर्यंत खोडाला बुडाशी हात लावला की मऊ लागायचं, पिवळं पाणी निघायचं, गर सडून गळून गेलेला आणि आतला लाकडी दांडा तेवढा उभा. ३०० पैकी ११० पोल वाचले. बर्डीतल्या १४४ पैकी १३८. म्हणजे ज्या जमिनीची आम्हाला लाज वाटायची तिने वाचवलं आणि जिचा अभिमान होता तिने बुडवलं. हे लागवडीनंतर दीड वर्षाने कळलं, आधी दीड दिवसात कळलं असतं. कसं ते पुढे सांगतो.

आता माझं म्हणणं एकेक करून मांडतो. रागाने वाचू नका, मीही रागाने लिहून नाही राहिलो.

पहिली गोष्ट तुमच्या पत्रकातल्या शब्दाची. कोरडवाहू म्हणजे ओलिताची सोय नसलेलं वावर. कोरडवाहू म्हणजे कमी पावसाचा मुलूख नाही. तुम्ही दोन्ही एकच धरून राहिले. बारामती-सांगोल्याकडे वर्षाला पाचेकशे मिलिमीटर पाऊस, कच्छात त्याहूनही कमी. आमच्याकडे हजार-अकराशे, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत, त्यातला बराच चार-सहा तडाख्यांत. तिकडच्या माळरानावरचा फोटो आमच्या काळ्या मातीच्या पत्रकावर छापून कसं चालेल? दोन्हीकडचे शेतकरी सातबाऱ्यावर जिरायतच, पण एकाच्या झाडाला तहान मारते आणि दुसऱ्याच्या झाडाला पाणी.

त्याच्यात भर म्हणजे झाडाचीच ओळख चुकीची करून दिली. ड्रॅगन फ्रूट निवडुंगच आहे, पण वाळवंटातलं नाही. ते मेक्सिको, मध्य अमेरिकेच्या जंगलातलं, झाडाच्या खोडावर चढून अर्ध्या सावलीत वाढणारं वेलवर्गीय निवडुंग. मुळं उथळ, बहुतेक वरच्या वीत-दीड वीत मातीत. म्हणून पाणी साचलं की पहिला मार मुळाला, आणि उन्हाळ्यात काळी भेगाळली, बोटभर-हातभर भेगा पडल्या की तीच उथळ मुळं तुटतात. निवडुंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर राजस्थान येतो, साहेब, तिथेच सगळी गफलत झाली.

दुसरी गोष्ट तपन. विदर्भातला उन्हाळा काय असतो हे मी नागपुरात बसणाऱ्यांना काय सांगावं, पण योजना पूर्ण राज्याला एकच असते म्हणून लिहितो. या झाडाला मानवतं साधारण २० ते ३० अंश. अडतीस-चाळीसपर्यंत ते सहन करतं, त्याच्यावर गेलं की खोड पिवळं पडतं, मग पांढरं, मग भाजल्यासारखे डाग आणि त्या डागांतून बुरशी आत. आमच्याकडे मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस ही रोजची गोष्ट, आणि २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदवले गेले आहेत. मे २०२४ मध्ये तर शहरातल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ दाखवले, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. माझ्या बर्डीतल्या झाडांना विचारलं असतं तर त्यांनी यंत्राचीच बाजू घेतली असती.

आणि फक्त दिवसाचं ऊन पाहून भागत नाही. हे झाड दिवसा खोडाची छिद्रं बंद ठेवतं आणि रात्री उघडून हवा घेतं, म्हणून तर त्याला पाणी कमी लागतं. पण त्यासाठी रात्र थंड पाहिजे. नवतप्यात (मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत) आमच्याकडे रात्री अकरा वाजता गच्चीवर पाणी शिंपडून झोपावं लागते. माणूस कूलर लावतो, झाडाने काय करावं? त्यामुळे ऐन मे महिन्यात ते नुसतं जीव धरून राहते, वाढबिढ काही नाही. दुसऱ्या टोकाला २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ वर गेला होता, तेही लक्षात असू द्या. एखाद्या महसूल मंडळाचं (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाचं) हवामान या फळाला चालेल की नाही हे वर्षाच्या सरासरीवरून कळतच नाही. बेचाळीसच्या वर किती दिवस जातात, रात्री किती उतरतं, एका दिवसात साठ-सत्तर मिलिमीटर वर्षातून किती वेळा पडतो, हे पाहावं लागतं. तो डेटा आहे, साहेब. महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत, त्या महावेध प्रकल्पाचं पहिलं केंद्र तर २०१७ मध्ये आपल्याच नागपूर जिल्ह्यात डोंगरगावला सुरू झालं. ते आकडे विम्याच्या हिशोबाला वापरता, मग लागवडीच्या सल्ल्याला काहून नाही?

इथे माझ्या वावरातलं एक निरीक्षण सांगतो, कामी पडलं तर पहा. बर्डीतल्या पश्चिमेच्या धुऱ्यावर आमची जुनी कडुनिंब-बाभळीची रांग आहे, आणि दुपारी तीननंतर तिची सावली दोन ओळींवर येते. त्या दोन ओळी उन्हाळाभर हिरव्या. बाकीच्या ओळींना पश्चिमेकडूनच चटके बसले, पूर्वेची बाजू बरी. म्हणजे चार वाजेचं ऊन मारते. आता मी मोकळ्या ओळींत शेवगा लावला आहे आणि काही पोलवर जुन्या साड्या बांधतो, गाव हसते. शेडनेटला पैसे नाहीत, कारण मला मिळालेल्या मंजुरीत पोल, प्लेट, रोपं, ठिबक, खतं सगळं होतं, फक्त सावलीचं नाव नव्हतं. गादीवाफ्याचंही (पाणी निघून जावं म्हणून केलेल्या उंच वाफ्याचंही) नव्हतं.

तिसरी गोष्ट माती, आणि हे जरा सविस्तर लिहितो कारण माझं खरं भांडण इथेच आहे.

माझ्याकडे मृद आरोग्य पत्रिका होती. फॉर्मला जोडलीही होती. पत्रिकेत बारा गोष्टी असतात, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब. खत किती टाकावं हे सांगायला उत्तम. पण माती किती खोल आहे? चिकणमाती किती? खाली चुनखडी आहे का? पाणी मुरते की थांबते? यातलं एकही त्या कागदावर नाही. नमुनाही वरच्या वीतभर मातीचा घेतात. आता मला सांगा, फळझाड वीस वर्षांसाठी लावायचं आणि वीतभर माती पाहायची, म्हणजे पोरीला स्थळ पाहताना नवरदेवाचा फक्त शर्ट पाहिल्यासारखं झालं.

माझी भाची नागपुरात कृषी शिकते. २०२३ च्या डिसेंबरात तिला घेऊन गेलो वावरात. तिने सांगितलं मामा, आधी खड्डा. काळीत तीन फूट खोल खोदला, बर्डीत कुदळ चालेना म्हणून दीड फुटावर थांबलो. दोन्ही खड्डे पाण्याने भरले. बर्डीतला चहा पिऊन येईपर्यंत रिकामा. काळीतला संध्याकाळी भरला तर सकाळी अर्ध्याच्या वर पाणी तसंच, वर एक बेडूक. मग तिने खड्ड्याच्या बाजूवर बाटलीतून पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड थेंब थेंब टाकलं. वर काही नाही, पण दीड फुटाच्या खाली टाकलं की सोडा वॉटरसारखा फेस. म्हणे ही चुनखडी, सामू आठच्या वर असेल आणि या झाडाला साडेपाच ते सात आवडतो, लोह-जस्त उचलणार नाही, पिवळं पडेल. मला आमची संत्र्याची पिवळी पानं आठवली. बाबा वीस वर्षं त्याला खत कमी पडलं समजत होते.

एवढंच करायचं होतं, साहेब. खड्डा, पाणी, अ‍ॅसिडचे चार थेंब. खर्च म्हणाल तर दोन मजुरांचा अर्धा दिवस.

ती म्हणाली जमीन पिकाला योग्य की नाही हे ठरवायची पद्धत काही नवी नाही, एफएओने (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने) १९७६ मध्येच चौकट घालून दिली आहे. एस-१ म्हणजे उत्तम, एस-२ मध्यम, एस-३ जेमतेम, आणि एन म्हणजे लावूच नका. खोली, निचरा, पोत, चुना, क्षार, उतार, तापमान, पाऊस, प्रत्येकाला वेगळा दर्जा द्यायचा आणि जो सगळ्यात वाईट निघेल तो एकूण जमिनीचा दर्जा धरायचा. बाकी सगळ्यात पहिला नंबर असला तरी निचरा नापास तर जमीन नापास. मोट कितीही मोठी असली तरी भोक पडलं की पाणी वर येत नाही, तसं. माझी काळी ड्रॅगन फ्रूटला निचऱ्यात नापास होती आणि बर्डी तपनीत जेमतेम पास, पण ओलिताची अन् सावलीची सोय केली तर एस-२ मध्ये बसू शकते. म्हणजे उत्तर "लावा" किंवा "नका लावू" असं एका शब्दाचं नव्हतंच. उत्तर होतं, वर लावा, सावली करा, एप्रिल-मेत पाणी कुठून आणणार ते आधी पहा. कारण अत्यल्प पाणी म्हणजे बिनपाणी नाही, मुरमात उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं द्यावंच लागते आणि आमच्याकडे बोअर नेमका तेव्हाच खाकरतो.

याच्याहून गंमत सांगू? इंग्रजांच्या काळात सारा ठरवायला जमीन मोजणाऱ्या जुन्या बंदोबस्तवाल्यांनी वावरात उभं राहून जमिनीचे काळी, मोरंड (मध्यम), खरडी (हलकी), बर्डी असे वर्ग लिहून ठेवले होते. इंग्रजांना सारा वसूल करायचा होता, त्यांना आमची माया नव्हती, पण निदान वावरात आले होते. आपल्या फॉर्ममध्ये त्याच्यासाठी एक रकाना नाही. गट नंबर आहे, आधार आहे, बँक पासबुक आहे, माती नाही. आणि हे कुठे? नागपुरात. जिथे अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचं मुख्यालय आहे, जिथे देशाच्या मातीचे नकाशे बनतात, १:१०,००० या प्रमाणावरचं कामही ते करतात, म्हणजे नकाशावर एक सेंटिमीटर तर वावरात १०० मीटर. आमच्या मातीचा डॉक्टर गल्लीत बसला आहे आणि आम्ही गोळ्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर घेऊन राहिलो.

चौथी गोष्ट पैशाची, ती लवकर उरकतो. माझ्या वेळी हेक्टरी चार लाख खर्च धरून ४० टक्के म्हणजे १ लाख ६० हजार अनुदान, तीन वर्षांत ६०, २०, २० टक्के. माझ्या एकराला एकूण ६४,००० होतात, त्यातले पहिले ३८,४०० आले, त्याबद्दल धन्यवाद, खरंच. माझा खर्च गेला साडेचार लाखांवर. पुढच्या हप्त्याला अट अशी की दुसऱ्या वर्षी ७५ टक्के आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जिवंत पाहिजेत. (मेलेली स्वखर्चाने परत लावा, हा त्याचा अर्थ, एरवी मेलेलं झाड तिसऱ्या वर्षी उठून बसत नाही.) माझ्याकडे निघाले ४४४ पैकी २४८, म्हणजे छप्पन टक्के. हप्ता थांबला. नियमाने थांबला, तक्रार नाही. पण झाड जगलं का हे मोजायला माणूस येतो आणि ते जगेल का हे पाहायला कोणी येत नाही, हा उलटा कारभार नाही का? विम्याचं विचारलं तर सांगण्यात आलं की फळपिकांच्या यादीत संत्रा, मोसंबी, डाळिंब वगैरे आहेत, हे नाही. म्हणजे लावायला सांगणारी योजना आहे आणि बुडालं तर धरणारी नाही.

मी या फळाच्या विरोधात नाही, हे ठासून सांगतो. बर्डीतल्या पोलांनी मागच्या हंगामात फळं दिली, धुऱ्याकडच्या दोन ओळींनी सगळ्यात जास्त. बारामतीजवळच्या माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने दगडगोट्याच्या उथळ जमिनीत हे पीक घेऊन दाखवलं आहे, म्हणजे आमच्या बर्डीसारखीच जमीन. पण तिथला पाऊस वेगळा, ऊन वेगळं, आणि मुख्य म्हणजे त्यांनी ते माती पाहून केलं. गुजरातने २०२१ मध्ये याचं नाव कमलम ठेवलं तेव्हा आम्ही हसलो होतो, नाव काहीही ठेवा, पण कमळ चिखलात उगवते आणि हे चिखलात सडते, तेवढं पत्रकावर मोठ्या अक्षरात छापा.

तर मागण्या. साध्या आहेत.

पूर्वसंमती देण्याआधी प्रत्येक वावरात निदान एक मीटरचा खड्डा, मुरूम आधी लागला तर तिथपर्यंत. जिओ टॅगिंगचा फोटो त्या खड्ड्याचा घ्या, पोलचा नंतर घ्या. खड्ड्यात पाणी भरून किती वेळात मुरलं ते फॉर्मवर लिहा. खोली, निचरा, पोत, चुनखडी, हे चार रकाने वाढवा, पोर्टलला काही जड नाही.

मंडळनिहाय एक पान काढा, तिथल्या केंद्राच्या आकड्यांवरून, की या मंडळात ड्रॅगन फ्रूट कोणत्या जमिनीत एस-१, कोणत्यात एस-३ आणि कोणत्यात नाहीच. मराठीत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. बाकी फळांचंही करा, हे एकट्या ड्रॅगनचं दुखणं नाही.

आमच्या भागासाठी खर्चाच्या मापदंडात गादीवाफा आणि उन्हाळी सावली धरा. त्याच्याशिवाय मंजुरी देऊच नका, असं म्हटलं तरी चालेल.

जिल्ह्यात एक प्रात्यक्षिक प्लॉट काळी, मोरंड आणि बर्डी अशा तिन्ही जमिनींवर शेजारी शेजारी लावा आणि तीन पावसाळे लोकांना मेलेली झाडंही पाहू द्या. आतापर्यंत सगळ्या सहली हिरव्यागार प्लॉटवरच गेल्या आहेत.

ज्यांच्या बागा सडल्या त्यांची मोजणी करा. वसुलीसाठी नाही, शिकण्यासाठी. कोणत्या मातीत, कोणत्या महिन्यात, किती पाऊस पडल्यावर, एवढी तीन उत्तरं जरी गोळा झाली तरी पुढच्या पोराचे साडेचार लाख वाचतील. आणि केंद्राने ५० हजार हेक्टरचं लक्ष्य ठेवलं म्हणून आमच्या तालुक्याचा आकडा वरून वाटून देऊ नका. खड्ड्यांवरून जो निघेल तो वर कळवा, शून्य निघाला तर शून्य कळवा.

शेजारच्या पोराला मी सध्या एवढंच सांगितलं की फॉर्म राहू दे, आधी कुदळ घेऊन ये. रविवारी आम्ही त्याच्या वावरात तीन जागी खोदणार आहोत, भाची बाटली घेऊन येणार आहे. तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर सकाळी सातला या, उन्हाच्या आधी आटोपतं. माझ्या काळीतला जुना खड्डा अजून बुजवला नाही, तोही दाखवतो. पाऊस झाला असेल तर गमबूट घालून या, मागच्या वेळी एका साहेबांची चप्पल तिथेच राहिली.

आपला,
एक कास्तकार
तालुका काटोल, जिल्हा नागपूर